डाव्या कप्प्याचं विरजण

अट थोरल्या दिरांनी घातली होती आणि ती साधी होती. कोंबडीची दोनशे पिल्लं येणार. शेडच्या मधोमध कमरेएवढी फळ्यांची भिंत घालायची. उजव्या कप्प्यातल्या शंभर पिल्लांना नेहमीप्रमाणे पाण्यातून पिवळी पूड द्यायची, म्हणजे जुलाबाची साथ येऊ नये म्हणून आधीच दिलं जाणारं औषध. डाव्या कप्प्यातल्या शंभरांना पूड नाही. धाकटी जे काय आंबवते ते. एकवीस दिवस. डावीकडे दहावं पिल्लू मेलं की त्याच दिवसापासून तिथेही पूड सुरू, आणि मग या घरात त्या विषयाचं नाव काढायचं नाही.

"आणि नऊच मेली तर?" धाकटीनं विचारलं.

"तर पुढची खेप सगळी तुझी," भावोजी म्हणाले. "त्यांना त्या आंबट पाण्यानं न्हाऊ घाल, नाहीतर गुळण्या करायला दे. मी हूं की चूं करणार नाही."

धाकटीचा नवरा अंड्यांचा टेम्पो चालवायचा, त्यामुळे तो बहुतेक वेळ रस्त्यावरच असायचा. शेडचा कारभार भावोजींचा. सगळं घर तिला धाकटीच म्हणायचं. लग्नाआधी सहा वर्षं ती एका डेअरीत दही लावण्याच्या विभागात होती. कोणती टाकी लागली आणि कोणती बिघडली हे झाकण उघडल्याबरोबर नाकानं सांगायची. सासरी आल्यावर कोंबड्यांची पिल्लं दर खेपेला औषधावर वाढताना पाहून तिच्या डोक्यात किडा शिरला. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई नसते. त्याचं पोट कोरं असतं. मग त्या पोटात पहिल्यांदा कोण शिरतं?

"बसमधल्या जागेसारखं आहे ते," तिनं एकदा जेवताना समजावलं होतं. "आपल्यातलं कुणीतरी आधी चढून रुमाल टाकायचा. मग भलत्यांना जागाच राहत नाही."

"आणि भलत्यांनी रुमाल उचलून फेकला तर?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं होतं. धाकटीला तो प्रश्न बरोबर वाटला होता.

तिची पद्धत अशी. तांदूळ धुतलेलं पाणी तोंडाला कापड बांधून तीन दिवस ठेवायचं. ते आंबलं की दहापट दुधात ओतायचं. आणखी काही दिवसांनी वर चोथ्याचा थर धरतो आणि खाली पिवळसर निवळी उरते. ती निवळी हेच विरजण. त्यातलं वाटीभर पिंपात घालून भरडलेलं खाद्य दोन दिवस भिजवायचं. पिंप बुडबुडायला लागलं, सफरचंदासारखा आंबूस वास आला की ते पिल्लांना सकाळी द्यायचं. संध्याकाळी कोरड्या खाद्यात पुदिना आणि ओव्याची पानं बारीक चिरून. पाला पिंपात कधीच नाही. डेअरीत तिला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की टाकीत विरजणाखेरीज काही पडता कामा नये; बांगडीसुद्धा काढून ठेवायची.

आठव्या दिवसापर्यंत डावीकडे एक पिल्लू गेलं होतं, उजवीकडे दोन. भावोजी रोज सकाळी फळ्यांवरून वाकून मोजायचे आणि काही न बोलता निघून जायचे. जाऊबाई म्हणाल्या, "हे गप्प आहेत म्हणजे तुझं बरं चाललंय."

नवव्या दिवशी सकाळी सहा वाजता धाकटी शेडमध्ये गेली आणि दारातच थबकली. खाली अंथरलेल्या तुसावरची विष्ठा पाण्यासारखी पातळ होती, फेसाळ. आदल्या दिवशी ती घट्ट होती, वर पांढऱ्या टोपीची, निरोगी पिल्लाची असते तशी. कोपऱ्यात दहा-अकरा पिल्लं पंख सोडून, डोळे मिटून उभी होती. दोन आडवी होती. तिनं त्यांना उचललं तेव्हा ती गार झालेली होती.

डॉक्टरीणबाई नऊला आल्या. जनावरांच्या दवाखान्यात त्यांना बावीस वर्षं झाली होती. त्या कमी बोलायच्या आणि प्रत्येक गोष्टीला आधी हात लावायच्या. त्यांनी विष्ठा बोटावर घेऊन पाहिली, पिल्लांची पोटं चाचपली, मग पिंपाकडे गेल्या.

"तुम्ही काय बदललंत?"

"काहीच नाही, बाई."

"मग दुसऱ्या कुणीतरी बदललंय. वास घ्या."

धाकटीनं झाकण उचललं. आंबूस वास नव्हता. ओल्या पोत्यासारखा कुबट वास होता आणि त्याच्या मागे काहीतरी तिखट. बुडबुडे नव्हते. चार दिवसांपासून तिला सर्दी होती. नाक बंद, आणि पिंप ढवळायचं काम त्या दिवसांत सवयीनं चाललं होतं. हा गुन्हा तिचाच होता आणि तिनं तो तिथल्या तिथे कबूल केला.

"हे खाणं बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोरडं खाद्य, उकळून गार केलेलं पाणी. आजारी वेगळी, उबेच्या दिव्याखाली. पूड द्यायची का?"

भावोजी मागेच उभे होते. सगळ्यांना वाटलं, आता ते हो म्हणतील. ते चपलेनं तूस उकरत म्हणाले, "अट दहाची आहे. अजून तीनच झालीत."

धाकटीला त्याचं नवल वाटलं, पण नवल करत बसायला वेळ नव्हता.

दहाव्या दिवशी तीन गेली. त्या दुपारी तिनं पिंप रिकामं करायला घेतलं. तळाशी हात घातल्यावर बोटांना काहीतरी लागलं. फडक्याची पुरचुंडी होती, दोऱ्यानं घट्ट बांधलेली, लिंबाएवढी. आत ठेचलेला लसूण आणि ती बुडून राहावी म्हणून एक गोटा. फडकं चौकड्याच्या जुन्या सदऱ्याचं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या चिंध्यांच्या पिशवीतलं. त्या पिशवीत घरातल्या कुणाचाही हात जायचा.

पहिला संशय जाऊबाईंवर गेला. आंबट वासानं डोकं उठतं असं त्या दिवसातून चारदा म्हणायच्या. धाकटीच्या जिभेवर शब्द आलेच होते. पण मग तिला वाटलं, लसणानंच हे झालं हे कुणी ठरवलं? पुरचुंडी सापडली म्हणजे चोर सापडला असं नाही.

तिनं चार काचेच्या बरण्या उकळून घेतल्या. चारींत सारखं खाद्य, सारखं पाणी, फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या विरजणाचे सारखे चार चमचे. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत लसणाची एक पाकळी ठेचून, तिसरीत दोन, चौथीत चार. बरण्या खिडकीत ओळीनं मांडल्या आणि येता-जाता झाकणाला कान लावायला लागली.

"काय ऐकतेस?" जाऊबाईंनी विचारलं.

"बोलतायत का बघते."

"बोलल्या तर मला सांग. या घरात माझ्याशी तरी कुणी बोलत नाही."

अकराव्या दिवशी आणखी तीन गेली. डावीकडचा आकडा नऊ झाला. धाकटी त्या दिवशी जेवली नाही.

बाराव्या दिवशी दुपारी ती चारही बरण्या जेवणाच्या टेबलावर घेऊन आली. पहिली फसफसत होती, झाकण उघडताच फुस्स झालं. दुसरीत तुरळक बुडबुडे. तिसरी आणि चौथी ढिम्म. मग तिनं धुऊन वाळवलेलं चौकड्याचं फडकं शेजारी ठेवलं.

"हे पिंपात होतं," ती म्हणाली. "मला भांडायचं नाही. किती दिवस होतं आणि कितीदा टाकलं एवढंच हवंय."

जाऊबाई भडकल्या. "माझ्याकडे का बघतेस? वास येतो म्हणते, तोंडावर म्हणते! चोरून करायला मी काय..."

"मी टाकलं," भावोजी म्हणाले.



"तुम्ही?" जाऊबाईंना आधी राग आला आणि मग हसू. "अहो, तुम्हीच तर तिचं हसं करत होता!"

भावोजींचे कान लाल झाले होते. पिल्लांना पूड आणि बाकी सगळ्याला लसूण, असा त्यांचा जन्माचा धर्म होता. सर्दीला लसूण, गुडघ्याला लसूण; ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर त्यालाही देतील, असं धाकटीचा नवरा म्हणायचा.

"सहाव्या दिवशी एक मेलं ना डावीकडे," ते ताटाकडे बघत म्हणाले. "म्हटलं, आंबट तर आहेच, जोडीला लसणाचा जोर मिळाला तर पोरगी जिंकेल. ठेचून दोन पुरचुंड्या. तीन दिवस रोज नवीन. रोज जुन्या काढत होतो. शेवटची एक राहिली."

"पण मला सांगायचं होतंत, भावोजी."

"काय सांगणार? तू जिंकावीस असं मला वाटतंय म्हणून?"

आठ पिल्लांचा हिशेब आणि हे वाक्य एकाच मापात कसं घालायचं ते धाकटीला कळेना. ती म्हणाली, "तीन दिवस, रोज दोन," आणि तेवढंच बरणीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या लसणानं आधी राखणदार मारले असतील. मग लसणाचा जोर ओसरला आणि मोकळ्या घरात भलतेच शिरले. असं मला वाटतं. नक्की म्हणणार नाही."

पिंप उकळत्या पाण्यानं धुतलं गेलं, दोन दिवस उन्हात उलटं पडलं. राखलेल्या विरजणावर नवं खाद्य लागलं. यावेळी झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली धाकटीच्या गळ्यात. पंधराव्या दिवशी विष्ठेवर पुन्हा पांढरी टोपी दिसली. सतराव्या दिवशी दिव्याखालची उरलेली पाच पिल्लं भिंतीवरून उड्या मारायला बघत होती. आकडा नऊवरच होता.

अठराव्या दिवशी दुपारी एक पिल्लू खाद्याच्या भांड्यामागे मेलेलं सापडलं.

धाकटीनं ते कुणाला न दाखवता पुरलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तो विचार आला, हे ती नंतर कुणाला सांगणार नव्हती. तिनं पिल्लू कागदावर ठेवलं आणि भावोजींना हाक मारली. मग डॉक्टरीणबाईंना.

बाईंनी शेडच्या दारात उजेडात बसून, पोत्यावर ते पिल्लू कात्रीनं उघडलं. दोघंही वाकून बघत होते. आतडं गुलाबी होतं, तकतकीत. आत घट्ट, नीट पचलेलं अन्न. बाईंनी मान तपासली, छाती दाबून पाहिली.

"चेंगरलंय. भांडं कुणीतरी सरकवलं असेल, त्याखाली सापडलं. रोग नाही." त्यांनी कात्री पुसली. "इतकं स्वच्छ आतडं मी या वयाच्या पिल्लात क्वचित बघते. उजवीकडचं एखादं मेलं तर तेही मला दाखवा. एकट्यावरून काही सांगता येत नाही."

"उजवीकडे एकूण चार गेली," धाकटी म्हणाली. "इकडे दहा. अट 'मेलं' अशी होती. कशानं मेलं अशी नव्हती."

"हो, पण..." भावोजी म्हणाले.

"पण नाही. भांडं मीच सरकवलं सकाळी. दहा म्हणजे दहा."

भावोजी फळीवरून पिवळ्या पुडीचा डबा काढून डाव्या कप्प्यात शिरले. पाण्याच्या भांड्याशी उकिडवे बसले. झाकण काढलं, चमचा भरला. पिल्लं त्यांच्या भोवती गोळा झाली. एक त्यांच्या बुटाची नाडी ओढायला लागलं. तुसाकडे, पिल्लांच्या शेपटाकडे, पुन्हा तुसाकडे असं बघत त्यांचा चमचा हवेतच राहिला.

"बाई," त्यांनी विचारलं, "आत्ता ही पूड मी कोणत्या आजारावर देतोय?"

"कोणत्याच नाही."

"मग उजवीकडच्यांना कोणत्या आजारावर देतोय?"

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "मालक, हा प्रश्न गेली पाच वर्षं मी तुम्हाला विचारतेय."

चमचा डब्यात परत गेला, झाकण बसलं. भावोजी उठले तेव्हा त्यांच्या गुडघ्यानं कडकन आवाज केला.

"अट मी हरलो नाही," ते धाकटीला म्हणाले. "तू हरलीस. पण माझ्या लसणामुळे हरलीस, म्हणजे मोजणी चुकली. पुढची खेप सगळी तुला नाही द्यायची. पुन्हा वाटून करायची."

"अर्धी-अर्धी?"

"नाही, तीन भाग. एक पूड, एक विरजण." ते घुटमळले. "एक लसूण. नुसता. त्यालाही कळू दे त्याची लायकी काय आहे ती."

"चार भाग," धाकटी लगेच म्हणाली. "सकाळी विरजण, संध्याकाळी लसूण, मधे आठ तास. एकमेकांची गाठच पडली नाही तर काय होतं ते बघायचंय मला."

"आणि लसूण किती?" डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून पेन काढलं. "'दोन पुरचुंड्या' हे माप मला चालणार नाही. पाकळ्या वजन करून. बरण्या अजून आहेत ना तुमच्याकडे? दीड पाकळीचीही एक लावा. एकीत चालतं आणि दोनांत मरतं, तर मधे कुठे मोडतं ते कळायला हवं."

भावोजी शेडच्या लांबीला पावलं टाकायला लागले होते. बारा, तेरा, चौदा. फळ्या कमी पडणार होत्या; नक्की किती ते बघायला त्यांनी मोजायची फीत उलगडली. जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हे काय चाललंय असं त्यांनी विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्या स्वतःच आत आल्या आणि फितीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या.