मंत्र्याच्या घरची न प्यायलेली कॉफी

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. चिनी मातीचा, बिनकानाचा, दोन घोटांत रिकामा होणारा. माझ्या काठावरची सोनेरी रेघ आता जागोजागी पुसली गेली आहे. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात, एका मोठ्या घराच्या बैठकीत माझे बहुतेक आयुष्य गेले. त्या घरची मालकीण उम्म फारिस, म्हणजे पुढे फारिसची आई झालेली बाई, नवी नवरी होती, तेव्हा तिने झहलेच्या बाजारातून मला माझ्या भावंडांसह आणले. दुकानदाराने आम्हाला एकमेकांवर टिचकी मारून वाजवून दाखवले होते. आमचा आवाज ऐकून ती हसली आणि त्या हसण्यावरच आमचा सौदा झाला.

त्या घरात वेलदोडे घातलेली कडू कॉफी होई. अबू दीब नावाचा म्हातारा नोकर डाव्या हातात किटली आणि उजव्या हातात आम्हाला घेऊन बैठकीत फिरे. पाहुण्याने कप हलवला की पुरे, असे समजायचे. पण कुणी भरला कप तोंडाला न लावता समोर ठेवला, तर सगळी बैठक गप्प होई. पाहुणा काही मागायला आला आहे, असा त्याचा अर्थ. मग घरच्या कर्त्याने त्याचे म्हणणे ऐकायचे आणि जमत असेल तर म्हणायचे, "कॉफी प्या, तुमचं काम झालं." हा शब्द एकदा दिला की मागे घेता येत नाही. माझ्यासमोर अशी लग्ने जुळली, रक्ताची वैरे मिटली. खरे सांगतो, मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

या घरच्या फारिसला मंत्री व्हायचे होते. आमच्याकडे मंत्रिमंडळ बनायला महिनेच्या महिने लागतात. कुठले खाते कुठल्या पंथाला, कुठल्या भागाला, यावर घासाघीस चालते आणि राष्ट्राध्यक्षांची सही होईपर्यंत नावे येत-जात राहतात. फारिसचे नाव दर वेळी यायचे आणि दर वेळी गळायचे. एकदा तर घरात मेंढ्या कापून झाल्या, गावात हवेत गोळ्या उडाल्या आणि ऐन वेळी टीव्हीवर दुसऱ्याचेच नाव वाचले गेले. अबू दीब म्हणाला, "पोरगा मंत्री झाला नाही, पण मेंढ्या मात्र हकनाक गेल्या." त्याला उम्म फारिसने स्वयंपाकघरात पिटाळले, पण पदराआड तीही हसत होती.

शेवटी एकदाचे नाव लागले. खाते लहानसे होते, पण मंत्री तो मंत्रीच. दुसऱ्या दिवशी राजधानीत शपथ व्हायची होती. घरापुढे गाड्यांची रांग लागली. अभिनंदनाला आलेला प्रत्येक जण कॉफी पिई आणि जाता जाता भाच्याची नोकरी, पुतण्याची बदली असे काहीतरी फारिसच्या कानात सांगून जाई. "काल याला कुणी ओळखत नव्हतं. आज याच्या मांजरालाही साहेब म्हणायला लागलेत," अबू दीब माझ्यात कॉफी ओतताना पुटपुटला. टीव्हीवाले कॅमेरा घेऊन आले होते.

त्या गर्दीत काळ्या कपड्यातली एक म्हातारी आली. तिला पाहून अबू दीबचा चेहरा उतरला. शेजारी बसलेल्याला तो हळूच म्हणाला, "ही उम्म रबीअ. नदीपलीकडच्या गावची. नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं की ही बस पकडते आणि एकेका मंत्र्याचं दार वाजवते. हिच्या पोराला यादवीच्या लढाईत बंदूकवाल्यांच्या नाक्यावर बसमधून उतरवलं होतं. तो परत आलाच नाही."

तिने मला हातात घेतले आणि तसेच भरलेले समोर ठेवले. बैठक गप्प झाली.

"बोला मावशी," फारिस म्हणाला.

"लेकरा, देव तुझी खुर्ची टिकवो. मला नोकरी नको, पैसा नको." तिने छातीशी धरलेला फोटो पुढे केला. "हा माझा रबीअ. पुलाच्या नाक्यावर उतरवलेला. जिवंत असेल तर भेटव. नसेल तर जागा दाखव. एवढंच."

मित्रांनो, त्या नाक्यावरच्या बंदूकवाल्यांवर तेव्हा हुकूम फारिसचा चाले. लढाईतल्या एका दुपारी तो धुळीच्या बुटांनिशी स्वयंपाकघरात आला होता. माझ्यातूनच कॉफी पिताना त्याने आईला सगळे सांगितले होते. बसमधून उतरवलेला रबीअ नावाचा मुलगा पळाला, गोळी घातली, जुन्या गिरणीमागे पुरला. उम्म फारिसने ऊर बडवून घेतला आणि मग तोंडाला कुलूप लावले. पोटच्या पोराचे पाप ती इतकी वर्षे पदराखाली झाकत आली. मीही ऐकले होते, पण कपाला तोंड असते, जीभ नसते.

फारिसने फोटोकडे पाहिले. मग कॅमेऱ्याकडे पाहिले.

"कॉफी प्या मावशी, तुमचं काम झालं," तो म्हणाला. "सीमेपलीकडच्या तुरुंगात आपली बरीच पोरं आहेत. रबीअ तिथंच आहे, माझ्याकडे पक्की खबर आहे. मी त्याला आणतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने मला उचलले. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्यात पडले. ती आता घरी जाऊन मुलाचे अंथरूण घालेल आणि मरेपर्यंत घालत राहील, हे मला दिसत होते. आपण तडकावे आणि सांडून जावे, असे मला आयुष्यात तेव्हाच एकदा वाटले.

"पिऊ नकोस, बाई."

आतल्या दारात उम्म फारिस उभी होती.

"आई, तू आत जा," फारिस दबक्या आवाजात म्हणाला.

"आत बसून बसूनच म्हातारी झाले मी." ती पुढे आली आणि उम्म रबीअजवळ खाली बसली. "ठेव तो कप. माझ्या घरात आज खोटा शब्द दिला गेला. तुझा रबीअ तुरुंगात नाही. तो जुन्या गिरणीमागं अक्रोडाच्या झाडाखाली आहे. ज्याच्या माणसांनी पुरलं, त्यालाच तू विचारते आहेस."

कुणीतरी घाईघाईने कॅमेरा बंद करायला लावला. उम्म रबीअने मला सावकाश खाली ठेवले. ती किंचाळली नाही. फारिसकडे वळून तिने एवढेच विचारले, "मक्केच्या काब्याकडं तोंड करून पुरलंत ना रे त्याला?"

फारिसने मान खाली घातली. पुरताना तेवढे कुणी पाहिलेच नव्हते.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून गाड्यांच्या रांगेतून गिरणीकडे चालत गेल्या. संध्याकाळी उम्म रबीअच्या घरी दुखवट्याची कॉफी झाली. मुलगा गेला हे कुणी तिला सांगितलेच नव्हते, म्हणून ती कॉफी इतकी वर्षे तिच्या चुलीवर चढली नव्हती. तिच्याकडे पुरेसे कप नव्हते. उम्म फारिस आम्हाला टोपलीत घालून घेऊन गेली आणि आलेल्यांना स्वतः कॉफी देत राहिली. सकाळी अभिनंदन करून गेलेले काही जण माना खाली घालून तिथेही आले. फारिस आला नाही.

दुसऱ्या दिवशी अबू दीब त्या दुखवट्याच्या घरीच बातमी घेऊन आला; उम्म फारिस अजून तिथेच होती. "शपथ घेतली पोरानं. राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी फोटोही निघाला."

"कशाची शपथ घेतली?" उम्म फारिसने विचारले.

मित्रांनो, मी तेव्हापासून इथेच, उम्म रबीअच्या फळीवर आहे. मला जपा, असे मी सांगणार नाही. कप फुटतात आणि बाजारात नवे मिळतात. पण कधी कुणी तुमच्यासमोर भरला कप तसाच ठेवला, तर "प्या" म्हणायची घाई करू नका. खरे सांगता येत नसेल तर गप्प बसा. तो बिचारा निदान खोट्या आशेवर तरी जगणार नाही.

परवा पुन्हा नवे मंत्रिमंडळ जाहीर झाले. रेडिओवर नावे सुरू होताच उम्म रबीअ उठली, डोक्यावर चादर घेतली, फोटो काढला आणि दारापर्यंत गेली. तिथे तिला आठवले की आता कुणाकडे जायचे नाही. ती उंबऱ्यातच खाली बसली, आणि रेडिओ नावे वाचत राहिला.