एका दमात पासपोर्ट नंबर

वाल्मिक स्पेनला गेला तर त्याला काय काय मिळणार, याचा हिशेब नरोलीच्या चाळीनं त्याच्याआधीच मांडून ठेवला होता. नव्या सूत-मशीनवर मुख्य ऑपरेटर, रात्रपाळीतून सुटका, आणि साक्रीच्या सासुरवाडीत पंगतीला पहिलं ताट. मशीन स्पॅनिश, शिकवणाऱ्यांना दुसरी भाषा येत नाही, आणि जागा एकच. आधी तिकडच्या बाई फोनवर नाव, पासपोर्ट नंबर विचारून माणूस पारखणार.

ऑफिसातल्या अरविंद सरांना यादीत दोन नावं हवी होती. दुसरं त्यांनी सोनीचं टाकलं. वाल्मिकची बायको, त्याच खात्यात दिवसपाळीला.

"नावापुरतं हां, सोनी," सर म्हणाले.

वाल्मिकनं नंबर पाठ केला तो पाढ्यासारखा. डोळे मिटायचे, दम भरायचा आणि गाडी सोडायची: "सेता-सिएते-नुएवे-दोस..." म्हणजे झेड-सात-नऊ-दोन. शेवटच्या आकड्यावर टाळी.

"अहो, मोबाईलवरच्या स्पॅनिशच्या व्हिडिओतली बाई मधेच थांबवते," सोनी भाकरी थापता थापता म्हणाली. "थोडं ऐकते, परत म्हणून दाखवते. आपण ‘कोर्रेक्तो’, म्हणजे बरोबर, म्हटलं की मग पुढं."

"तू नको तोडू मधे. लय जाते."

"पण का थांबवत असेल ती?"

"कमी ऐकू येत असेल! तू भाकरी बघ."

सोनीनं भाकरी बघितली, पण प्रश्न काही तव्यावरून उतरला नाही. पाण्याच्या नळावर, कंपनीच्या बसमध्ये ती स्वतःचा नंबर तुकड्यातुकड्यानं म्हणायची. कधी मधूनच सुरू करायची.

फोन दुपारी आला, सरांच्या केबिनमध्ये, स्पीकरवर. बाईंचा आवाज मोठा अदबीचा. वाल्मिकनं डोळे मिटले, गाडी सोडली.

"सेता, सिएते, नुएवे..." बाई मधेच म्हणाल्या आणि थांबल्या.

वाल्मिकही थांबला. आता पुढं काय? पाढा मधून कुणाला येतो? त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. बाईंनी पुन्हा अडवलं. तो पुन्हा मुळाशी. सर कपाळ पुसू लागले. शेवटी बाईंनी आभार मानले, "ग्रासियास, सेन्योर," आणि त्यांनी दुसरं नाव पुकारलं.

सोनीनं पहिले तीन आकडे घास भरवल्यासारखे दिले, थांबली. बाईंनी म्हणून दाखवलं. "कोर्रेक्तो." पुढचे तीन. इथं बाईंनी पाचाच्या जागी सहा म्हटले.

"नो, सेन्योरा. सिंको."

"अगं, त्यांना नाही काय म्हणतेस!" सर पुटपुटले.

पलीकडून हसू आलं. सोनीला तेवढंच पुरे. तिनं विचारून टाकलं, "पोर के रेपीते उस्तेद?" तुम्ही परत का म्हणता?

बाई बरंच बोलल्या. सोनीला निम्मं कळलं: नंबर तुमचा, पण लिहिणारा हात माझा. तुम्ही हो म्हणेपर्यंत तो खरा कसा धरू?

संध्याकाळी सरांनी निकाल सांगितला. घरी जाताना वाल्मिक म्हणाला, "नावापुरती होतीस ना गं?"

"मग? नाव लागलंच की."

सोनीचं विमानाचं तिकीट मशीनवाल्यांनी काढलं. पासपोर्टचा खर्च कंपनीनं आधीच उचलला होता. जाड कोट शेजारच्या रोशनीनं दिला. रात्रपाळी, सकाळी लेकीची वेणी, आणि साक्रीहून सासूबाई फोनवर "जावईबापू, जेवले का?" विचारत तेव्हा तव्यावर करपणारी भाकरी, एवढं सगळं वाल्मिकनं भरलं.