पडद्यावरचा हवालदार

शाळेच्या हॉलमधले दिवे मंद झाले तशी रत्नाबाईंनी पदराने चष्मा पुसला. आता वडिलांचं नाव येणार होतं.

त्र्याऐंशी वर्षांत ते चारचौघांत कुणी घेतलंच नव्हतं. जितमान थापा, गोरखा पलटणीतला हवालदार. बेचाळीसच्या चळवळीत जमावावर गोळ्या झाडायचा हुकूम सुटला आणि या गृहस्थाने बंदूक खाली ठेवली. इंग्रजांनी कोर्टमार्शल करून त्यालाच गोळ्या घातल्या. रत्नाबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या. पलटणीने नाव खोडलं. पुढे आपल्या सरकारनेही, हा तर इंग्रजांचा शिपाई, म्हणून स्वातंत्र्यसैनिकांत धरलं नाही. मेल्यावरही माणूस धड ना इकडचा, ना तिकडचा. आईने खडकीत लोकांची मुलं सांभाळून लेकीला वाढवलं, पाटणकरांच्या घरी दिलं आणि नवऱ्याचा एकुलता एक फोटो तिच्या ट्रंकेत ठेवला.

यंदा अमेरिकेत, मुलाच्या गावी, प्लेनोच्या मराठी मंडळाने पंधरा ऑगस्टला 'आमच्या घरातले स्वातंत्र्यसैनिक' दाखवायचं ठरवलं. रत्नाबाईंच्या मुलाने, देवांगने, तो फोटो आणि चार ओळी लगेच मेल केल्या. तेव्हापासून म्हातारीला धड झोप नव्हती.

पडद्यावर कुणाचे आजोबा आले, कुणाची पणजी आली. टाळ्या पडल्या. मग इंग्रजांच्या अत्याचारांचा भाग सुरू झाला आणि पडदाभर जितमान उभे राहिले. डोक्यावर तिरकी हॅट, हातात बंदूक. खाली लिहिलं होतं, 'इंग्रजांची जुलमी फौज'. पोरांनी 'बू' करून हॉल डोक्यावर घेतला.

रत्नाबाई उठायला गेल्या, तोवर पडद्यावर पुढचं चित्र आलं होतं. इतकं पोरकं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी स्लाइड्स करणाऱ्या अमेयला गाठलं. त्याने मोबाइलवर देवांगची मेल उघडून वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"आजी, सो सॉरी. मी नुसता युनिफॉर्म बघितला, खालचं वाचलंच नाही. नेक्स्ट इयर पहिली स्लाइड त्यांचीच."

पुढच्या वर्षाचं त्या काय बोलणार? "बरं," म्हणाल्या.

देवांग मागे किचनमध्ये मसालेभाताचे ट्रे लावत होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं,

"आई, दाखवलं ना आजोबांना?"

"दाखवलं की. चांगले पडदाभर दिसत होते."

"आणि नाव घेतलं?"

"घेतलं," रत्नाबाई म्हणाल्या, आणि सीटबेल्टचं टोक सापडत नसल्यासारख्या बराच वेळ चाचपत राहिल्या.