एका नागरिकाचं मत

गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात रेडिओ सकाळी लागायचा तो दिवे मालवेपर्यंत चालू. ऐकत कोणीच नसे, पण तो बंद पडला की सगळ्यांना चुकल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष सगळ्या धर्मांच्या गुरूंशी आणि समाजसेवी संस्थांच्या मंडळींशी संवाद साधणार होते, म्हणून सकाळपासून रेडिओला दुसरा विषय नव्हता.

"चांगलंच आहे की," इस्त्रीवाली म्हणाली. "निदान एका टेबलाशी बसतील तरी."

"बसतील, चहा पितील, फोटो काढतील," कापड बेतणारे मास्तर कात्री न थांबवता म्हणाले. "नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे."

"मास्तर, हळू. भिंतीला कान असतात."

"असू देत की. कापड किती महागलंय ते भिंतीलाही कळू दे."

सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर दोघीतिघींनी दाराकडे पाहून घेतलं.

काजं करणारी तेवढी हसली नाही. तिचा नवरा किल्ल्या बनवायचा, हे संवाद जिथे होत त्या सभागृहासमोरच्या फुटपाथवर बसून. चार वर्षांपूर्वी असाच संवाद झाला, त्या दुपारी तो तिथून उठला आणि घरी आलाच नाही. चौकीवर म्हणाले, "गेला असेल कोणाबरोबर. येईल कंटाळून." गल्लीने आधी हळहळ केली, मग अळीमिळी गुपचिळी. आणि खरं सांगायचं तर बायकोनेही चौकीचं बोलणं अर्धं खरं मानलं होतं. त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "एक दिवस निघून जाईन," तो म्हणाला होता. "जा की, अडवलंय कोणी?" ही म्हणाली होती. नवऱ्याला कोणी नेलं की तो आपल्याच शब्दाने गेला, हे कळल्याशिवाय बाईला धड रडताही येत नाही आणि रागावताही येत नाही.

दुपारी रेडिओवरची निवेदिका म्हणाली, "आजच्या संवादाबद्दल ऐकूया नागरिकांचं मत." एक नागरिक बोलला, दुसरा बोलला, आणि मग तिसरा आवाज आला.

"आता कसं आहे, माणसांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. चांगली गोष्ट आहे."

तिचा पाय मशीनवरून निसटला. 'आता कसं आहे' हे त्याचं पालुपद. तिला मागणी घालतानाही त्याने तिथूनच सुरुवात केली होती, आणि तिचे वडील वैतागून म्हणाले होते, "अहो, पण कसं आहे ते सांगा तरी!" कारखान्यात सगळ्यांनीच तो आवाज ओळखला होता. इस्त्रीवालीच्या इस्त्रीखाली सदरा जळाल्याचा वास सुटला, तेव्हा कुठे माणसं हलली. मास्तरांनी उठून रेडिओ बंद केला.

ती घरी पोहोचली तर सासू दारातच उभी. "ऐकलंस? मी म्हणत नव्हते? शहरातच आहे तो! आवाज बघ कसा खणखणीत आहे. पाणी तापत ठेवलंय, आल्या आल्या आंघोळ लागते त्याला." घरात ते पाणी उकळत होतं, आणि सुनेची नजरही नकळत पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती.

शेजारीण डोकावली. वर्षानुवर्षं जी या उंबऱ्याकडे फिरकली नव्हती, तिला आज बरी सवड मिळाली. "सुखात आहे की गं! राष्ट्राध्यक्षांचं कौतुक करतोय." मेलीने जखमेवर मीठच चोळलं.

दुसऱ्या दिवशी ती रेडिओ केंद्रात गेली. आवाजांची काटछाट करणारा माणूस एका अंधाऱ्या खोलीत बसला होता. वागायला भला होता.

"ताई, ते रेकॉर्डिंग जुनं आहे," तो म्हणाला. "काल आमची माणसं रस्त्यावर फिरली, पण तोंड उघडायला कोणी तयार होईना. म्हणून मागच्या संवादाच्या वेळचं लावलं. लोकांचं मत काय, दरवेळी तेच असतं."

म्हणजे काल तो बोललाच नव्हता.

"'चांगली गोष्ट आहे'च्या पुढे काय आहे?"

"पुढे?"

"ते तिथे थांबणार नाहीत. एवढं थोडक्यात त्यांनी जन्मात काही सांगितलं नाही."

"पुढचं कधी ऐकलं नाही आम्ही. आम्हाला तेवढंच लागतं." त्याने तिच्याकडे पाहिलं, उठून दार लावलं आणि आवाज बारीक करून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"...चांगली गोष्ट आहे. पण मागच्या वेळी जे खरं बोलले ते आता कुठे आहेत, हेही त्या धर्मगुरूंनी साहेबांना विचारावं. तेवढं लावा हं."

मत विचारणाऱ्या मुलीने हसत विचारलं, "घरी कोण कोण असतं, काका?"

"आई आहे, बायको आहे. घरीच निघालोय. सकाळी भांडून आलोय ना. आता कसं आहे, आपणच आधी बोललेलं बरं."

किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. मग अगदी जवळून तिसराच एक आवाज आला, फार अदबशीर. "भाऊ, दोन मिनिटं येता का जरा?"

"मी? थांबा, दुकान आवरतो."

"राहू द्या. आम्ही आवरू."

पुढे काही नव्हतं.

काटछाटवाल्याने घाईघाईने यंत्र बंद केलं. "ती मुलगी लगेचच नोकरी सोडून गेली," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग हात जोडून, "ताई, मी काही लावलं नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही." त्यालाही घरदार होतंच. तिने मान हलवली आणि निघाली. रस्त्यात मागून कोणी 'जरा ऐकता का' म्हटलं तरी ती मागे न बघता झपाझप चालत सुटत होती.

घरी सासू वाट पाहत होती.

"आई, ते आपल्याला सोडून गेले नव्हते. त्या दिवशी ते घरीच यायला निघाले होते."

"मग मी कधीची काय सांगतेय!" म्हातारी म्हणाली. पुढचं तिने फार हळू विचारलं. "निघाला होता ना? मग एवढा उशीर का गं?"

"त्यांना उचलून नेलं, आई."

दार उघडंच होतं. समोरची एक खिडकी लागली, मग तिच्या शेजारची, मग वरची. सून दार लावायला उठली, तर सासूने तिचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "मोठ्याने."