पाण्यालगतचा दरवाजा

"गस्तीनौकेचा आराखडा तयारच आहे की! तोफा चढवा, झाली छोटी फ्रिगेट, लढाऊ जहाज!" असं आमच्या जहाजबांधणी कचेरीतले साहेब सहज म्हणून गेले आणि माझं डोकंच फिरलं. तो आराखडा माझ्या बाबांचा होता. बुडणाऱ्यांना आत ओढून घ्यायला त्यांनी पाण्यालगत एक दरवाजा ठेवला होता. साहेबांनी तो बुजवून तिथे दारूगोळ्याची कोठी आखली.

घरी हे सांगितलं, तर बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "आणि आपलीच पोरं पाण्यात पडली तर आत कुठून घेणार? विचार त्या शहाण्याला!"

सकाळी मी साहेबांच्या टेबलावर आराखडा आपटला आणि तेच विचारलं.

"उगाच कशाला तापता, मॅडम?" चहा ढवळत ते म्हणाले. "तुमच्या-माझ्या घरातलं कोण चढणार आहे तिच्यावर?"