एक्केचाळीस नंबरची बाटली

दूध तपासायच्या त्या प्रयोगशाळेत बाटलीवर नाव लिहायची सोय नव्हती. रोज सकाळी चाळीस केंद्रांवरून चाळीस बाटल्या यायच्या आणि प्रत्येकीवर फक्त नंबर चिकटायचा. कुठला नंबर कोणाचा हे एकाच वहीत असायचं आणि ती वही एकाच टेबलाच्या खणात. साहेबांचं म्हणणं असं, की नाव कळलं की जीभ बदलते. आपल्या मेहुण्याच्या गोठ्यातलं दूध कधी कोणाला पातळ लागलंय का?

हे साहेब म्हणजे तिथले मुख्य तपासनीस. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठीमागे लॅक्टोमीटर, कारण कोणीही काही सांगायला गेलं, की त्यात पाणी किती हे ते आधी बघत. नियमांचे तर इतके पक्के, की फ्रीजमध्ये नंबर नसलेली वस्तू दिसली की ती थेट कचऱ्यात. गेल्या आठवड्यात त्यांनी असाच एक दह्याचा डबा टाकला आणि दुपारी जेवायला बसल्यावर बायकोने दिलेलं दही कुठे गेलं म्हणून सगळीकडे शोधत फिरले. सांगायची हिंमत कोणी केली नाही.

वही सांभाळायची, नंबर घालायचे, बाटल्या ओळीने लावायच्या, हे जिचं काम, तिला सगळे नंबरवाली म्हणत. बाळंतपणाची रजा संपवून ती महिन्यापूर्वी कामावर आली होती. घरी पाच महिन्यांची लेक होती, लेकीजवळ सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या डोक्यावरच्या फळीवर दुधाच्या पावडरीचा एक न उघडलेला डबा होता.

"मी काही म्हणत नाही हो," सासूबाई म्हणत. "नुसता आणून ठेवलाय. तुझं दूध मुळात पातळ, त्यात आता हे कामाचं. पोरीचं पोट भरायला नको?"

न म्हणता त्या हे दिवसातून चारदा म्हणत. पहिल्या आठवड्यात नंबरवाली कामावरून येताना दीडशे मिली दूध आणायची, मग सव्वाशे, मग ऐंशी. शेवटी परवा सासू-सुनेत करार झाला होता, की शुक्रवारी बाटलीत शंभर भरलं नाही, तर शनिवारी डबा उघडायचा. नवऱ्याने दोघींच्या बोलण्यात तोंड घातलं नाही. त्याला एवढी अक्कल होती.

दूध आटत होतं त्याला कारणही तसंच होतं. ते काढायला जागाच नव्हती. ती काचसामानाच्या कोठीत जायची, खोक्यांच्या मागे उभी राहायची, हातातला पंप दाबत राहायची आणि कान दाराकडे ठेवायची. बाहेर बाटल्या धुणाऱ्या मावशी झाडू घेऊन पहारा करत. कोणी आलंच, तर त्या जोरजोरात झाडायला लागत आणि आत नंबरवालीचा पंप थांबे. मग पाच मिनिटं थेंब येत नसे.

"घाबरतेस कशाला, बाळंतीणबाई?" मावशी म्हणत. लेक पाच महिन्यांची झाली तरी मावशींच्या लेखी ही अजून बाळंतीणच. "दूध काढतेयस की चोरतेयस?"

काढलेलं दूध ठेवायचं कुठे, हा दुसरा घोर. थंड जागा एकच, साहेबांचा फ्रीज, आणि तिथे नंबराशिवाय थारा नाही. म्हणून तिने युक्ती काढली होती. मावशींनी उकळून काढलेली नमुन्याचीच एक बाटली घ्यायची, तिच्यावर एक्केचाळीस नंबर चिकटवायचा आणि ओळीच्या टोकाला ठेवून द्यायची. केंद्रं चाळीस, तेव्हा एक्केचाळीसला कोण हात लावणार? नमुने फ्रीजमधून काढून साहेबांपुढे मांडायचं कामही तिचंच. महिनाभर हे बिनबोभाट चाललं.

त्या शुक्रवारी सकाळी मात्र कोठीकडे कोणी फिरकलं नाही आणि बाटलीत तब्बल एकशे दहा भरलं. तिने बाटली उजेडात धरून तीनदा पाहिली. मग टोकाला ठेवली आणि रजेच्या कागदावर सही करायला मालकांच्या कचेरीत गेली. तिथे कागद सापडेना. वीस मिनिटं गेली. इकडे साहेबांना दम धरवेना. ते स्वतः उठले आणि नंबर दिसला त्या सगळ्या बाटल्या उचलून घेऊन गेले.

ती परतली तेव्हा साहेब मशीनमधून आलेली चिठ्ठी हातात धरून येरझाऱ्या घालत होते.

"पाणी!" ते म्हणाले. "प्रथिनं एक टक्का! बावीस वर्षांत मी तीनच्या खाली पाहिलेलं नाही. आणि साखर सात. म्हणजे आधी पाणी ओतलं आणि मग ते झाकायला वर साखर घातली. काय माणसं असतात!"

"मग साखर सापडली का?" मावशींनी विचारलं.

"नाही ना! तपासली तर वरून घातलेली साखर औषधालाही नाही. तीच तर बदमाशी आहे. हा कोणी नवशिका नाही, चांगला मुरलेला आहे." साहेब तिच्याकडे वळले. "बाई, वही काढा. एक्केचाळीस नंबर कोणाचा?"

मावशींच्या हातातला ब्रश बाटलीत होता तिथेच थांबला.

तिने खण उघडला, वही काढली. चाळीसच्या खाली कोरी रेघ होती. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"नोंदच नाही? म्हणजे कोणीतरी हा बाहेरून आत आणून ठेवलाय. आपल्या फ्रीजमध्ये! मावशी, फाटकावर सांगा, एकही गाडी आत सोडायची नाही. चाळीसच्या चाळीस नमुने पुन्हा तपासायचे."

बाहेर दुधाच्या गाड्या उन्हात उभ्या होत्या. त्यातल्या एकीने हॉर्न दिला, मग तिघींनी दिला. नंबरवालीला काहीच नीट ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर मशीनची ती चिठ्ठी होती आणि तिच्यावर साहेबांच्या लाल पेनाने लिहिलेलं 'नापास'. सासूबाईंनी नुसतं म्हटलं होतं, इथे तर छापून आलं होतं. आपलं दूध खरंच पाणी आहे आणि आपण महिनाभर लेकीला उपाशी ठेवलं, असं तिला वाटलं आणि तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात साहेबांनी शेगडीशेजारचं छोटं भांडं उचललं. उरलेलं दूध त्यांनी उकळून निववलं होतं.

"मशीन चुकेल," ते चमचा बुडवत म्हणाले, "जीभ चुकणार नाही."

"साहेब, नको!"

चमचा ओठांशी थांबला. "का?"

"ते माझं आहे."

"तुमचं?" साहेब गोंधळले. "तुम्ही गाय घेतलीत?"

"अहो साहेब, गाय कशाला घेईल ती?" मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "बाळंतीण आहे!"

साहेबांचे कान आधी लाल झाले, मग मान. त्यांनी तो चमचा इतक्या जपून खाली ठेवला, की त्याची नक्कल मावशींना पुढे आठवडाभर पुरली. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि पुन्हा उठले.

"नंबर कशाला घातलात?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच नियम आहे. बिननंबरी दिसलं की कचऱ्यात."

साहेबांनी एक्केचाळीस नंबरची बाटली उचलून पाहिली. "किती होतं बाटलीत?"

"एकशे दहा."

"पन्नास मी तपासण्यांत घालवलं. उरलेलं..." त्यांनी भांड्याकडे पाहिलं. "म्हणजे मी बाळाच्या तोंडचं दूध नासवलं."

एकशे दहा गेले होते आणि करार संध्याकाळचा होता.

"फाटकाचं काय करू?" मावशींनी विचारलं. "गाड्या ओरडतायत."

"सोडा, सोडा," साहेब म्हणाले आणि कपाटाकडे गेले. सगळ्यात वरच्या कप्प्यातून त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं, फुंकर मारली आणि बोट फिरवत उभ्यानेच वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी मशीनची चिठ्ठी पुस्तकाशेजारी धरली.

"बाई, इकडे या. हे बघा. आईच्या दुधात प्रथिनं एकच टक्का हवीत. साखर सातच हवी. ती वरून घातलेली नाही, दुधातलीच आहे, म्हणून मला सापडली नाही. आणि फॅट चार. उत्तम आहे." त्यांनी चष्मा काढला. "मी गाईच्या मापाने मोजलं हो. वासराला भराभर वाढायचं असतं, त्याला तसं दूध लागतं. तुमच्या लेकीला कसली घाई आहे?"

आता मात्र ती रडलीच. मावशींनी पदर पुढे केला आणि तो ओला आहे हे लक्षात आल्यावर मागे घेतला.

"पण मग एवढं कमी का येतं?" तिने डोळे पुसत विचारलं. "रोज कमी होतंय."

"काढता कुठे?"

"कोठीत. खोक्यांच्या मागे, उभ्याने."

"महिनाभर? आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार होते, साहेब?"

"तुम्ही तरी कधी विचारलंत?" मावशी म्हणाल्या. बाटल्या धुताना त्या कोणालाही काहीही बोलू शकत.

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. प्रयोगशाळेच्या टोकाला चव घ्यायची खोली होती. तिथे पाठ टेकायला चांगली खुर्ची होती, हात धुवायला बेसिन होतं, आतून कडी होती. आवाज नाही, वास नाही. जिभेचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून साहेबांनी ती भांडून बांधून घेतली होती. दाराच्या वर एक लाल दिवा होता. तो लागला की आत जायचं नाही, मग बाहेर कोणी का असेना. साहेबांना ती दिवसातून एक तास लागायची. उरलेला वेळ खुर्ची नुसती बसून असे.

"सकाळी आणि दुपारी तुमची," ते किल्ली पुढे करत म्हणाले. "दिवा लावत जा. माझ्या इथे लाल दिव्याला सगळे घाबरतात."

दुपारी दिवा लागला. नेमके तेव्हाच मालक आले आणि दारावर टकटक करायला हात उचलला.

"आत काम चालू आहे," साहेब म्हणाले. "थांबायचं."

"कोण आहे आत? तुम्ही तर बाहेर आहात!"

"माझ्यापेक्षा महत्त्वाचं काम आहे."

आत नंबरवालीने पाठ टेकली. कोणी झाडत नव्हतं, कोणी येणार नव्हतं. तिने डोळे मिटले आणि सकाळी घरातून निघताना लेकीने तिच्या केसांची बट मुठीत धरून ठेवली होती ते तिला आठवलं. डोळे उघडले तेव्हा बाटली तिच्या अंदाजाच्या पुढे गेली होती. एकशे तीस. ती एकटीच हसली.

निघताना साहेबांनी तिच्या हातात एक कागद दिला. छापील, शिक्का मारलेला, रोज केंद्रांना जातो तसाच. खाली शेरा लिहायच्या जागी ते बावीस वर्षं पास नाहीतर नापास एवढंच लिहीत आले होते. आज तिथे चार ओळी होत्या.

घरी सासूबाई दारातच होत्या. त्यांनी आधी बाटली घेतली, रेघ पाहिली आणि नातीला पाजायची तयारी सुरू केली. करारात सून जिंकली होती, पण तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"भरलं खरं," त्या म्हणाल्या. "पण पातळ ते पातळच."

सुनेने सकाळचा घोळ, ती खोली, लाल दिवा असं सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला.

"शिक्का आहे का?" त्यांनी विचारलं. शिक्का होता. मग त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "नमुना क्रमांक एक्केचाळीस. बाळाला जे जे हवं ते सर्व योग्य प्रमाणात आहे. दूध पातळ नाही. आधी नापास लिहिलं होतं ते चुकीच्या मापाने मोजल्यामुळे. ती चूक दुधाची नसून तपासनिसाची आहे."

त्या वाचायच्या थांबल्या. नंबरवालीला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. पण सासूबाई कागदाकडेच पाहत राहिल्या.

"मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा," शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्याही सासूबाई म्हणाल्या होत्या, तुझं दूध पातळ आहे. मला खरंच वाटलं ते. तिसऱ्या महिन्यात बंद केलं. रात्र रात्र रडायचे. तपासायला कोण होतं गं तेव्हा?"

सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पलीकडे नवरा दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत येत होता.

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तसा बरा निघाला म्हणा," त्या म्हणाल्या आणि नाक पुसलं.

मग त्या स्टुलावर चढल्या, फळीवरचा डबा खाली काढला आणि लेकाच्या हातात दिला. "जा, दुकानात परत करून ये. उघडलेला नाही म्हणावं." डब्याच्या जागी त्यांनी तो कागद उभा केला, शिक्का दिसेल असा.

"आणि तू गं," उतरता उतरता त्या सुनेला म्हणाल्या, "उद्या गेल्या गेल्या आधी दिवा लाव. कोणाची वाट बघत बसू नकोस."