दोन हिवाळ्यांची गाडी

माझी बायको ललिता फेब्रुवारीत गेली आणि मे महिन्यात तिच्या गाडीचं लीज संपलं. गाडी परत करायला मी आणि माझा मुलगा राजरत्न गेलो. राजरत्न सहा फुटी. गुडघे स्टिअरिंगला लागत होते तरी त्याने आईने लावलेली सीट मागे घेतली नाही. मीही घे म्हटलं नाही. डीलरच्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावरचा ओरखडा बघितला, चाव्या घेतल्या आणि 'हॅव अ ग्रेट समर' म्हणाला.

आमच्या घरात गाडी एकच होती. मी नॉर्थ यॉर्कला एका लॅबमध्ये नोकरीला होतो आणि रिटायर होईपर्यंत ट्रेननेच गेलो. लायसन्स माझ्याकडेही आहे. पण हायवे ललिताचा आणि गल्ल्या माझ्या, असं आमचं चालायचं.

आम्ही राहतो त्या मिल्टनमध्ये गाडीशिवाय राहणं म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. बस आहे, पण ती मला हवी तिथे जात नाही. आमच्या सबडिव्हिजनमधले रस्ते वळत वळत पुन्हा आपल्याच दाराशी आणून सोडतात. मी रोज चालत होतो. घरात पाच मिनिटं बसलो की उठावंसं वाटायचं, आणि उठलो की जायला जागा नसायची. चहा ठेवायचो आणि तो न पिताच बाहेर पडायचो. एकदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून चहा ठेवणं बंद केलं.

रविवारी बुद्धवंदनेला आमच्या असोसिएशनचा संजय मला न्यायचा. पोरगा वर्ध्याचा, मनाने चांगला. रोज काम करून थकलेला असायचा, तरी वीस मिनिटं वाट वाकडी करून यायचा.

"काका, काही लागलं तर हक्कानं सांगा. तुम्ही काहून लाजता?"

"सांगीन ना."

पण काय सांगणार? दूध लागतं, हे सांगता येतं. कधीकधी काहीच लागत नाही, नुसतं बाहेर पडायचं असतं. त्यासाठी दुसऱ्याला गाडी काढायला कसं सांगायचं?

राजरत्न कनाटाला असतो, ओटावाच्या पश्चिमेला, टेलिकॉम कंपनीत. त्याने आणि सूनबाईंनी बेसमेंट फिनिश करून घेतलं होतं. वेगळं वॉशरूम, खिडकी मोठी केलेली, हीटिंग वेगळं. सगळं माझ्यासाठी. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"बाबा, स्नो पडायच्या आधी या. घर भाड्याने देऊ. इथे सेटल व्हा."

"बघू."

"बघू काय? गाडी नसताना तुम्ही हिवाळा काढणार कसा? शोव्हल करून चालत जाणार का ग्रोसरीला?"

"मग गाडी घेतो."

"घ्या. नवी घ्या, मी बरोबर सही करतो. कॅमेरा, सेन्सर, सगळं असलेली. सात वर्षांचं लोन, टेन्शन नाही. पण जुनी खटारा घेणार असाल तर मी नाही."

म्हणजे प्रश्न साधा होता. गाडी मिळाली तर मी मिल्टनमध्ये राहणार. नाही मिळाली तर नोव्हेंबरमध्ये बेसमेंटमध्ये.

दोन गल्ल्या सोडून उल्हास आणि अरुणा राहतात. पुण्याचे, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. ललिता आजारी असताना आणि नंतरही कितीतरी आठवडे अरुणाने डबा पाठवला. स्वतः आणून द्यायची, दारातूनच परत जायची, बसून सांत्वन करायची नाही. ते मला फार बरं वाटायचं. त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि जुनी विकायची होती. बारा वर्षांची, राखाडी, दिसायला एकदम स्वच्छ.

मी बघायला गेलो तेव्हा उल्हास ड्राइव्हवेत तिला पुसत होता.

"काका, तुमच्यासाठी भाव वेगळा. गाडी नाही, मुलगी देतोय असं समजा."

"मुलगी दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली आहे," अरुणा दारातून म्हणाली. "तेही सांग."

"पळाली, पण एकदा तरी रस्त्यात थांबली का?"

"एकदा थांबली. तू पेट्रोल भरलं नव्हतंस."

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो, आणि लगेच चुकल्यासारखं वाटलं.

उल्हास शेजारी बसला आणि मी गाडी फिरवून आणली. जुन्या गाडीची एक गोष्ट मला आवडली. ती काही बोलत नाही. स्क्रीन नाही, सूचना नाहीत, लेन सोडली म्हणून ओरडणं नाही. किल्ली फिरवायची, ती सुरू होते. ब्रेक जरा खोल जात होता, पण लागत होता. हायवेवर चढायचा ऑन-रॅम्प आला तेव्हा उल्हास म्हणाला, "घ्या ना फोर-ओ-वनवर, पिकअप बघा." मी सरळ गेलो.

परत आल्यावर चहा झाला.

"सेफ्टी सर्टिफिकेटचं काय करायचं?" मी विचारलं. त्याशिवाय इथे गाडी नावावर होऊन रस्त्यावर येत नाही.

"त्याची काळजी नको. माझा एक ओळखीचा आहे, तो करून देतो. त्याला माझी गाडी माहीत आहे."

मला म्हणायचं होतं की एकदा दुसऱ्या मेकॅनिककडे वर उचलून, खालून बघू. शब्द तोंडापर्यंत आले. समोर अरुणाने बशीत चकल्या ठेवल्या होत्या. जिच्या डब्यावर मी वसंत ऋतू काढला तिच्या घरात बसून, तुमची गाडी तपासायची आहे, असं कसं म्हणायचं? परक्या माणसाला विचारलं असतं. कुणा गोऱ्या म्हाताऱ्याकडून घेत असतो तर न लाजता चार प्रश्न केले असते. आपल्या माणसाला विचारता येत नाही.

"दसऱ्याला घेऊन जा," अरुणा म्हणाली. "मुहूर्त चांगला. हार घालून देते."

"दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो. मला खुर्च्या लावायच्या असतात. आणि हार वगैरे आमच्यात नाही."

"मग खुर्च्या घेऊन जायला उपयोगी पडेल," ती म्हणाली.

मी घेतो म्हणून सांगितलं आणि घरी आलो. आल्यावर पुन्हा चालायला निघालो.

चालताना हिशेब चालला होता. जुनी गाडी घेतली तर हप्ता नाही, इन्शुरन्स कमी, कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होते, ओरखडा पडला तर वाईट वाटत नाही. पण उणे तीसमध्ये सुरू झाली नाही तर? कुठे बंद पडली आणि फोनही बंद असला तर? पूर्वी असं काही झालं की शेजारी ललिता असायची आणि ती आधी माझ्यावर चिडायची, मग रस्ता काढायची. नवी गाडी घ्यावी तर लोन सात वर्षांचं. सात वर्षं हा शब्द आला की माझी पावलं जोरात पडायची. का ते कळत नव्हतं. रस्ता वळला, मी आपल्याच दाराशी आलो, आणि पुन्हा निघालो.

शनिवारी राजरत्न आला. बरोबर माझी नात केया. तिला मी गाडीचा फोटो दाखवला.

"आजोबा, इट्स ओल्डर दॅन मी."

"मीपण तुझ्याहून जुनाच आहे."

"बट यू डोन्ट हॅव टू गो ऑन द हायवे."

राजरत्नने फोटो मोठा करून बघितला. "इन्स्पेक्शन केलं?"

"उल्हासची गाडी आहे."

"म्हणून?"

"म्हणून काय? त्यांनी इतकं केलं आपल्यासाठी."

"डबे दिले म्हणून गाडी चांगली होते का? बाबा, आई असती तर तिने दारातच विचारलं असतं. चप्पल काढायच्या आधी."

खरं होतं. ललिता भाजीवाल्याला, डॉक्टरला, भन्तेजींनाही सरळ विचारायची. मला राग आला, पण कुणाचा आला ते सांगता येत नाही. मी जॅकेट घातलं आणि तडक उल्हासकडे गेलो. राजरत्न आणि केया मागून आले.

"उल्हास, गाडी घ्यायच्या आधी मला दुसऱ्या गॅरेजमध्ये उचलून बघायची आहे."

त्याचा चेहरा उतरला. हातातल्या फडक्याची त्याने घडी केली, उलगडली, परत घडी केली.

"काका, मी तुम्हाला फसवीन असं वाटतं?"

"नाही वाटत."

"मग?"

"मग काही नाही. बघायची आहे."

"काकांनी तेवढं विचारलं तर तुझं काय झिजलं?" अरुणा म्हणाली. "आपण घर घेताना इन्स्पेक्टर आणला होता. तेव्हा घर विकणाऱ्या बाईने तोंड पाडलं होतं का?"

"ती ओळखीची नव्हती."

"तेच तर."

उल्हास चाव्या घेऊन निघाला, पण गॅरेजपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, गाडी मिळो न मिळो, हे घर तर आपण गमावलं.

गॅरेज हरजीत नावाच्या माणसाचं. संजयने सांगितलेलं. त्याने गाडी होइस्टवर चढवली आणि आम्ही सगळे खाली उभं राहून वर बघू लागलो. मी आयुष्यात गाडी खालून कधी बघितली नव्हती. उल्हासनेही नसावी. वरून काचेसारखी चमकणारी गाडी खालून तपकिरी होती. हरजीतने स्क्रूड्रायव्हरने मागच्या चाकाजवळ टोचलं आणि पत्र्याचा तुकडा केयाच्या बुटापाशी पडला.

"व्होआ," केया म्हणाली.

"नमक," हरजीत म्हणाला. बर्फ वितळावा म्हणून इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. "बारा साल का नमक. इंजन एकदम बढ़िया है, अंकलजी. ब्रेक कर दूंगा. यहाँ काट के नया पत्रा वेल्ड करना पड़ेगा, फिर सेफ्टी हो जाएगी."

"और कितना चलेगी?" मी विचारलं.

"दो विंटर आराम से. तीसरी की गारंटी मैं नहीं दूंगा. कोई भी नहीं देगा."

उल्हास त्या भोकाकडे बघत राहिला. "मी दर आठवड्याला धुवायचो," तो म्हणाला. "वॅक्स करायचो. खालून कधी गंजू नये म्हणून तेल मारून घेतलं नाही. मला वाटायचं, दिसत नाही ते कशाला." मग माझ्याकडे वळला. "काका, मी खरंच... यात मुलं बसायची माझी. नका घेऊ. मी स्क्रॅपला देतो."

"झालं," राजरत्न म्हणाला. "विषय संपला. बाबा, चला."

सगळे दाराकडे निघाले. मी निघालो नाही. मला एकदम हलकं वाटत होतं, आणि ते या सगळ्यांसमोर बरं दिसणार नाही म्हणून मी वरच बघत राहिलो.

फेब्रुवारीपासून जो भेटेल तो मला लांबचं सांगत होता. अजून वीस वर्षं आहेत तुम्हाला. नातीचं ग्रॅज्युएशन बघायचं आहे. लोन सात वर्षांचं. बेसमेंटचं फ्लोअरिंग पंचवीस वर्षं टिकतं. त्या एवढ्या वर्षांचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. दोन हिवाळे मात्र मला समजत होते. एक येतो, जातो. दुसरा येतो, जातो. तेवढं मी करू शकतो.

"राजू, मी घेतो ही."

"काय?"

"हरजीत दुरुस्त करेल. मी घेतो."

"बाबा, तुम्ही ऐकलं ना तो काय म्हणाला? दोन वर्षं!"

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?" त्याचा आवाज चढला. "आणि मग? दोन वर्षांनी काय?"

"ते तेव्हा बघू. कनाटा कुठे जातंय?"

"आमच्याकडे यायला तुम्हाला एवढा त्रास का होतो? काय कमी आहे तिथे?"

"काही कमी नाही. तिथे आलो की मी बसेन. तू बसवशील, सूनबाई बसवेल, गरम पोळी आणून देईल. आणि मला सध्या बसवत नाही रे. या देशात आल्यापासून सेटल हो, सेटल हो ऐकतोय. तुझी आई आणि मी झालो एकदाचे. आता मला होता येत नाही. थोडे दिवस नाही."

डोळे पुसायला त्याने तोंड फिरवलं ते टायरच्या ढिगाकडे. केया माझा हात धरून उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलत नाही एवढंच.

थोड्या वेळाने राजरत्न हरजीतकडे गेला आणि त्याच्याशी भांडायला लागला. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी करा. खालून पूर्ण तेल मारा, आत्ताच. विंटर टायर्स लावूनच गाडी द्या. बॅटरी टेस्ट केली का? का नाही केली? त्याचा आवाज हुबेहूब ललितासारखा निघत होता. हरजीत मान हलवत होता.

उल्हास माझ्याजवळ आला. "काका, मी पैसे नाही घेणार हिचे."

"घे. नाहीतर अरुणाला काय सांगशील? आणि फुकट दिलीस तर मला परत तुला काही विचारता येणार नाही."

"विचारा हो," तो म्हणाला. हसला नाही, पण पुढचं वाक्य बोलला. "स्नो ब्रश ट्रंकमध्ये आहे. तो लांबवाला. तुमच्या उंचीला लागेल."

राजरत्न आणि केया रविवारी जेवून निघाले. जाताना तो म्हणाला, "दोन हिवाळे. त्यानंतर मी विचारायला येणार."

"ये."

हरजीतने गाडी बुधवारी देतो म्हणून सांगितलं होतं. सोमवारी सकाळी मी चालतच गॅरेजवर गेलो. तासाभराचा रस्ता आहे. वाटेत फुटपाथ संपतो, तिथून गवतातून जावं लागतं. गाडी अजून वरच टांगलेली होती. सडलेला पत्रा कापून काढला होता, नवा लावायचा होता. त्या चौकोनातून आत मागच्या सीटचं कापड दिसत होतं.

"अंकलजी, बुधवार बोला था," हरजीत म्हणाला.

"मालूम है. देखने आया हूँ."

त्याने खुर्ची पुढे केली. मी नको म्हटलं आणि उभाच राहिलो. त्याने चेहऱ्यावर मास्क ओढला, मला मागे सरकायला सांगितलं आणि वेल्डिंग सुरू केलं.